तारापूरचा पंधरवडा

वसईच्या विजयाची गोष्ट मराठी घरांत ठाऊक असते, आणि बहुतेक वेळा ती एकाच प्रसंगापाशी येऊन थांबते. किल्ला पडत नाही, सरदार थकलेत, आणि संतापलेले चिमाजी अप्पा म्हणतात, वसई मिळणार नसेल तर निदान माझं डोकं तरी तोफेनं उडवून आत टाका. प्रसंग इतका रंगतदार आहे की खरा की कीर्तनकारांनी रंगवलेला, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. पण तो घडला असं धरलं तरी तो फार उशिराचा म्हटला पाहिजे. वसईचा निकाल बऱ्याच अंशी त्याआधीच, तिच्या उत्तरेला, आजच्या पालघर आणि बोईसरच्या पश्चिमेच्या वाळूत लागला होता. जानेवारी १७३९ मधला एक पंधरवडा, माहीम ते तारापूर.

विरारहून डहाणूच्या लोकलने निघालं की सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर अशी स्थानकं लागतात. यातल्या बहुतेक स्थानकांना जोडून पश्चिमेला एखादा किल्ला आहे, पण गाडीतून एकही दिसत नाही. रूळ आतून जातात. पोर्तुगीजांनी आपली ठाणी समुद्राच्या कडेला, खाड्यांच्या तोंडाशी बांधली होती. केळव्याला सुरूच्या बनातला भुईकोट आणि पाण्यातला पाणकोट. पाचेक किलोमीटरवर माहीम. त्याच्या उत्तरेला शिरगाव, आणि तिथून पुढे चिंचणीच्या खाडीच्या दक्षिण तीरावर तारापूर. केळवे ते तारापूर हा सगळा पल्ला तीस किलोमीटरच्या आत आहे. त्याच्या पाठीशी, मनोरच्या बाजूला, पाचशे मीटरहून उंच असा अशेरीचा डोंगर. किनाऱ्यावर दगडी ठाण्यांची माळ आणि डोंगरावर पहारा, अशी ही रचना. तिचं काम एकच: दमण आणि वसई यांच्यामधला किनारा, त्यावरच्या वाड्या, आगरं आणि बंदरं हातात ठेवणं.

वसई पोर्तुगीजांना डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळाली. दमण त्यांनी १५५९ मध्ये घेतलं. म्हणजे १७३७ साली मराठे या मुलखात उतरले तेव्हा इथल्या माणसांच्या सहा-सात पिढ्या फिरंगी अमलाखाली जन्मून मेल्या होत्या. या अमलाच्या कहाण्या दोन तऱ्हेच्या आहेत. एकीकडे वसईचे भव्य चर्च, तट, बाजार. दुसरीकडे देवळं पाडणं, उघड धर्मकार्याला बंदी आणि इन्क्विझिशनची दहशत. मराठ्यांना आत बोलावण्यात पुढाकार घेतला तो याच मुलखातल्या वतनदारांनी, त्यांत अंजूरचे गंगाजी नाईक हे नाव ठळक आहे. पेशव्यांना त्यांनी केवळ गाऱ्हाणी सांगितली नाहीत, तर उतार कुठे आहेत, ठाण्यात किती माणूस आहे, कुठला तट अर्धवट आहे, अशा कामाच्या बातम्याही पुरवल्या. मोहिमा भावनेने सुरू होतात असं आपण म्हणतो खरं. ही तरी बातमीदारीने सुरू झाली.

सुरुवात झकास झाली. मार्च १७३७ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला पडला. तो तेव्हा बांधूनही पुरा झाला नव्हता, आणि उत्तर प्रांताचा पोर्तुगीज जनरल लुईस बोतेल्यो ठाणं सोडून निघून गेला. साष्टीचं बेट गेलं, अर्नाळा गेला, मनोर गेलं. वसई मात्र गेली नाही. शंकराजी केशव फडक्यांनी त्या पावसाळ्यात वसईला शिड्या लावून पाहिल्या, आणि तटावरच्या माऱ्यापुढे माणसं गमावून परत फिरले. घोड्यावरच्या फौजेला इथे घोड्याचा उपयोग नव्हता. बाजीरावांच्या ज्या युद्धपद्धतीने निजामाला पालखेडला १७२८ मध्ये जेरीस आणलं, भोपाळला १७३७ च्या अखेरीस पुन्हा कोंडलं, ती पद्धत मोकळ्या रानाची: दाणागोटा तोडायचा, शत्रूला दमवायचं, समोरासमोर तोफांच्या तोंडी जायचं नाही. समुद्रातून दाणागोटा घेणाऱ्या किल्ल्याला दमवणार कसं? खाजणात घोडा रुततो, भरतीला वाट बुडते, आणि तटावरून तोफ चालते. नुसतं धाडस इथे पुरत नव्हतं, धाडसाची नवी तऱ्हा शिकणं भाग होतं. ती शिकायला दोन वर्षं लागली, आणि फी जबर पडली.

१७३८ सालचा माहीमचा वेढा हा त्या शिक्षणातला सगळ्यात कडू धडा. मराठ्यांनी मोर्चे लावले, किल्ला कोंडला. पण कोंडला तो जमिनीच्या बाजूने. समुद्र मोकळाच राहिला. पोर्तुगीजांचा नवा जनरल पेद्रो द मेलो हा बोतेल्योसारखा पळणाऱ्यांतला नव्हता. समुद्रातून कुमक उतरली, वेढा घालणाऱ्यांवरच उलटली, आणि मराठ्यांची नामांकित माणसं तिथे पडली. वेढा उठवावा लागला. मेलोचा उत्साह इतका वाढला की वर्षाच्या अखेरीस तो थेट ठाणं परत घ्यायला गलबतं घेऊन आला, आणि तिथल्या माऱ्यात तोफेचा गोळा लागून ठार झाला. मुंबईच्या इंग्रजांनी मराठ्यांना आधी खबर दिली आणि दारूगोळाही पुरवला, असा पोर्तुगीजांचा त्यांच्यावर कायमचा रोष राहिला. रोष अस्थानी नव्हता.

मेलो मेला, आणि चिमाजी अप्पा कोकणात उतरले. वय बत्तिशीच्या आत, प्रकृती तोळामासा. थोरल्या भावाच्या, बाजीराव पेशव्यांच्या, तळपत्या कीर्तीपुढे चिमाजी नेहमी जरा सावलीतच दिसतात, पण ही मोहीम पूर्णपणे त्यांची आहे. त्यांनी वसईला थेट हात घातला नाही. आधी वसईच्या उत्तरेची माळ तोडायची, दमणकडून येणारा हात छाटायचा, आणि मग एकट्या पडलेल्या वसईला गाठायचं, असा हा हिशेब होता. हिशेबाला मुदत होती, कारण मृगाचा पाऊस सुरू झाला की कोकणात दारू कोरडी राहत नाही, सुरुंगात पाणी भरतं, आणि घाटावरची फौज घाटावर परतायला बघते. जानेवारी ते मे, पाच महिने हातात होते.

इथे तारखांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर वाचक वेगवेगळी पुस्तकं उघडून गोंधळेल. मुंबईचे इंग्रज १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन पंचांग वापरत, पोर्तुगीज केव्हाच नव्या ग्रेगोरियन पंचांगावर गेले होते. दोहोंत अकरा दिवसांचा फरक. मराठी इतिहासकारांनी बहुधा जुन्या पंचांगाच्या तारखा धरल्या. त्यामुळे वसई पडल्याची तारीख कुठे ५ मे दिसते तर कुठे १६ मे. दोन्ही बरोबर आहेत. खाली मी मराठी पुस्तकांची रीत पाळली आहे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माहीम पडलं. ज्या तटापुढे आदल्या वर्षी नामुष्की झाली होती, तोच तट या वेळी तोफांच्या माऱ्याखाली फार काळ तगला नाही. पाठोपाठ केळवे आणि शिरगाव. हे किल्ले तसे लहान, पण त्यांच्या मधली जमीन फार मोलाची. नागवेलीचे मळे, केळी, नारळी-पोफळीच्या वाड्या. केळवे-माहीमचं पान दूरदूरच्या बाजारात जायचं. माहीम म्हणजे जुनी महिकावती. वि. का. राजवाड्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’मुळे उत्तर कोकणच्या मध्ययुगाबद्दल आपल्याला जे काही कळतं, त्याचं हे गाव. त्या बखरीतल्या राजांच्या लढायांनंतर माहीमने एवढी धामधूम पाहिली ती याच जानेवारीत. आज केळव्याला सुट्टीत उसळणारी गर्दी समुद्रावर जाते आणि सुरूच्या बनातला भुईकोट बाजूलाच राहतो. वाळूत गाडला गेलेला तो कोट दुर्गप्रेमी तरुणांनी श्रमदानाने मोकळा केला म्हणून निदान दिसतो तरी. शिरगावचा किल्ला त्या मानाने बराच शाबूत आहे, आणि फांद्या फुटलेला ताड बघायचा असेल तर तिथे जावं.

या पडझडीत डहाणूसारखी उत्तरेची ठाणीही त्याच हंगामात मराठ्यांकडे आली. राहिलं तारापूर.

तारापूर वेगळं होतं. गाव व्यापाराचं, बंदर वाहतं, किल्ला माहीमपेक्षा दांडगा, आणि आतली माणसं लढायचं ठरवून बसलेली. माहीम कसं गेलं ते त्यांनी ऐकलं होतं. शरण जाण्याची बोलणी वगैरे झाली नाहीत. चिमाजींनी मोर्चे बसवले आणि सुरुंगाचं काम धरलं.

सुरुंग हा शब्द आज आपण सहज वापरतो. त्या काळच्या सुरुंगाची मेहनत डोळ्यांपुढे आणायला हवी. मोर्च्यापासून तटाच्या पायापर्यंत जमिनीखालून वाट खणत न्यायची. वरून तोफा, बंदुका आणि हुक्के, म्हणजे वात पेटवून हाताने फेकायचे दारूचे गोळे, यांचा मारा चालू. खणणारा माणूस ओणवा, अंधारात, माती मागे देत पुढे सरकतो. घाटावर खडक आडवा येतो, तर इथे किनाऱ्यावर उलट तऱ्हा: वरची वाळू ढासळते आणि खाली पाणी लागतं. उधाणाच्या भरतीला खाडी फुगली की जमिनीतलं पाणीही चढतं. भांगाच्या दिवसांत जरा उसंत. तटाच्या पायाखाली पोचल्यावर पोकळी करून तीत दारू भरायची, तोंड बुजवायचं, वात बाहेर काढायची. ती दारू दमट राहिली तर सगळ्या कष्टांचं मातेरं. आणि उडालीच, तर ती नेमकी तुमची माणसं धावण्याच्या आधी उडाली पाहिजे. आधी-नंतरच्या या घोटाळ्याने पुढे वसईला फार जीव घेतले.

२४ जानेवारीला तारापूरचे सुरुंग उडवले. तट फुटला. भगदाडातून आणि शिड्यांवरून एकाच वेळी चढाई झाली. भगदाड पडलं म्हणजे किल्ला पडला, असं मैदानी फौजेला वाटत असेल, तर तारापूरने तो भ्रम घालवला. आतल्या पोर्तुगीजांनी ढासळलेल्या दगडांच्या ढिगावर उभं राहून बंदुका झाडल्या, हुक्के फेकले, मग तरवारी उपसल्या. लढाई हातघाईवर आली. शत्रूने शिकस्त केली हे चिमाजींनीच कबूल केलेलं आहे. पेशव्यांचे गुरू असलेल्या धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना या मोहिमेच्या खबरा पत्रांनी जात. त्या पत्रव्यवहारात तारापूरच्या झुंजीला मोठी जागा आहे, आणि त्यात विजयाच्या बढाईपेक्षा घाम जास्त आहे.

इथेच बाजी भीमराव रेठरेकर पडले. धावा करताना गोळी लागली. रेठऱ्याचं हे घराणं पेशव्यांच्या अगदी आतल्या गोटातलं, आणि बाजी भीमराव स्वतः बाजीराव-चिमाजींचे जिवलग. रामचंद्र हरी पटवर्धनांसारखे सरदार त्यांच्याबरोबर याच झुंजीत होते. तारापूर मिळाल्याच्या आनंदावर या एका बातमीने पाणी पडलं. बाजीरावांनी बाजी भीमरावांच्या आईला लिहिलेलं सांत्वनपर पत्र आजही उपलब्ध आहे. ते वाचताना हे लिहिणारा माणूस अर्ध्या हिंदुस्थानच्या राजकारणात गुंतलेला आहे, याचा विसर पडतो. पेशवाईच्या दफ्तरात हिशेबाच्या, कर्जाच्या, सनदांच्या कागदांचे ढीग आहेत. त्यांत असा एखादा कागद हाती लागला की दफ्तर वाचायचे श्रम फिटतात.

मोहिमेच्या दृष्टीने तारापूरने दोन गोष्टी दिल्या. एक तर वसईचं दमणशी असलेलं नातं तुटलं. दुसरी त्याहून मोठी: पाण्याकाठच्या फिरंगी तटाखाली सुरुंग नेता येतो, तट उडवता येतो, आणि उडालेल्या तटातून आत जाऊन टिकताही येतं, हे या फौजेने स्वतःच्या हातांनी करून पाहिलं. वसईला हेच सगळं मोठ्या मापावर करायचं होतं.

अशेरी मात्र फारसा रक्तपात न होता आली, फेब्रुवारीत. खाली किनारा गेल्यावर वरचा पहारा कोणासाठी करायचा? तरीही त्या किल्ल्याबद्दल दोन शब्द लिहायचा मोह आवरत नाही. मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर मस्तान नाक्याच्या पुढे खडकोणा गावातून वाट चढते. झाडीतून खिंड, मग कातळ, आणि शेवटचा टप्पा असा की वर दहा माणसं दगड घेऊन बसली तर खालची पलटण अडावी. माथ्यावर कातळात कोरलेली टाकी, गुहेत देवी, आणि एका दगडावर कोरलेला पोर्तुगीजांचा राजमुकुट. मुंबईची पोरं दर रविवारी पाठीवर पिशव्या टाकून हा शेवटचा टप्पा चढतात आणि मुकुटाशेजारी बसून छायाचित्रं काढतात. हा मुकुट लिस्बनच्या राजाचा, आणि तो इथे जंगलात दोनशे वर्षं राज्य करत होता, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

फेब्रुवारीच्या मध्याला चिमाजी वसईपुढे आले. आता चित्र पालटलं होतं. उत्तरेची ठाणी गेलेली. दक्षिणेला वेसावे पडलं, मार्चमध्ये भाईंदरच्या बाजूचं धारावीचं ठाणं पडलं. गोव्याहून मदत यावी तर तिकडे व्यंकटराव घोरपड्यांनी गोव्याच्या साष्टीत शिरून मडगावपर्यंत धामधूम माजवलेली. व्हाइसरॉय काउंट ऑफ सांदोमिलला स्वतःच्या घराची राखण करायची पंचाईत. व्यंकटराव हे बाजीरावांचे मेहुणे. एका बहिणीचा नवरा गोव्यात, एक भाऊ वसईला आणि थोरला भाऊ उत्तरेच्या काळजीत, असा हा घरचाच व्यूह होता.

उत्तरेची काळजी म्हणजे नादिरशहा. फेब्रुवारीत कर्नालला त्याने मोगल बादशहाची फौज मोडली, मार्चमध्ये दिल्लीत कत्तल केली. तो नर्मदेपर्यंत येतो की काय, अशी धास्ती दक्षिणेपर्यंत पोचली होती. बाजीरावांना सरदार हवे होते, होळकर-शिंद्यांची पथकं हवी होती, आणि ती सगळी वसईच्या खंदकांत अडकलेली. वसईचं काम उरका आणि या, असा थोरल्या भावाचा लकडा होता. समोर तट, मागे नादिरशहा, वर पावसाळा. चिमाजींच्या त्या सुप्रसिद्ध संतापाची गोष्ट खरी असो वा नसो, संतापायला कारणं भरपूर होती. तोफेच्या तोंडी जाण्याचा नाट्यमय उद्गार मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. अशा कात्रीत सापडलेला सेनापती तीन महिने घाई न करता सुरुंग खणत बसला, याचं नवल जास्त.

वसईला तीन बाजूंनी पाणी, हल्ल्याला जागा फक्त उत्तरेच्या जमिनीकडून. तिथेच पोर्तुगीजांचे सगळ्यात भक्कम बुरूज. आतला जनरल मार्तिन्यो द सिल्वैरा वेढ्यात मारला गेला आणि किल्ल्याची जबाबदारी काएतानो द सोझा परेरावर आली. मार्च-एप्रिलभर मोर्चे पुढे सरकत राहिले. वरून जळती लाकडं, हुक्के, गोळे, खालून खणणं. पोर्तुगीजही आतून उलट सुरुंग खणून मराठ्यांच्या वाटा शोधत. तारापूरला जे एका दिवसात उरकलं, त्याला इथे आठवडे लागले.

मेच्या पहिल्या दिवसांत सुरुंगांना बत्ती दिली. काही उडाले, काही उडाले नाहीत. भगदाड दिसताच माणसं धावली, आणि मागे राहिलेला सुरुंग त्यांच्याच पायांखाली फुटला. दगडांखाली, धुरात, आपल्याच दारूने शेकडो माणसं गेली. तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा बत्ती, पुन्हा धावा. सेबास्तियन बुरूज फुटला आणि मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, गिरमाजी कानिटकर यांच्या माणसांनी त्या ढिगाऱ्यावर पाय रोवले. वर गेल्यावर हटायचं नाही, हाच धडा. आतल्या लोकांची दारू संपत आली होती, माणसंही. ५ मेला पांढरं निशाण लागलं.

मराठ्यांनी वसईच्या वेढ्यातलं स्वतःचं नुकसान सांगितलं ते मेलेले आणि जखमी मिळून पाच हजारांवर; पोर्तुगीजांचं आठशेच्या आसपास. विजेत्याचं नुकसान पराभूताच्या सहापट, असा हा विजय. तहाच्या अटी उदार होत्या. आठ दिवसांची मुदत; फौजेने निशाणं फडकावत, नगारे वाजवत, हत्यारांनिशी बाहेर पडावं; कुटुंबांनी चीजवस्तू न्यावी; राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळता यावा. वसईचा ख्रिस्ती समाज आजही तिथे आहे. मोहिमेला निव्वळ धर्मयुद्ध म्हणणाऱ्यांनी आणि निव्वळ लूट म्हणणाऱ्यांनीही ही अट एकदा वाचावी.

किल्ला सोडून गेलेल्या पोर्तुगीजांचे हाल मात्र तिथे संपले नाहीत. पैसे नव्हते. वेढ्यात असतानाच त्यांनी मुंबईकर इंग्रजांकडे हात पसरला होता, तेव्हा पंधरा हजार रुपये मिळाले ते चर्चची चांदी आणि पितळी तोफा तारण ठेवून. अडलेल्या शेजाऱ्याशी मुंबईने केलेला हा व्यवहार मुंबईच्या स्वभावाला साजेसाच आहे. पावसाळा मुंबईत काढून त्यांची उरलीसुरली फौज चौलमार्गे गोव्याकडे पायी निघाली, तर वाटेत सावंतांच्या लोकांनी तिला गाठून झोडपलं. इंग्रजांनी मात्र वेळ न घालवता कॅप्टन जेम्स इंचबर्डला चिमाजींकडे धाडलं आणि जुलैमध्ये तह करून टाकला.

पोर्तुगीजांच्या हिशेबाने या दोन वर्षांत त्यांची ३४० गावं गेली. चर्चच्या घंटा घाटावरच्या देवळांत गेल्या. मेणवलीला, भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या अजून आहेत. चिमाजींनी नवस फेडून वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं. तारापूरचा किल्ला पुढे पेशवाईच्या उतरत्या काळात विकाजी मेहेरजी या पारशी व्यापाऱ्याला इनाम मिळाला. ज्या तटाखाली बाजी भीमराव पडले, त्या तटाच्या आत मग विहिरी आणि बागा फुलल्या. शेजारी अक्करपट्टीला अणुवीज केंद्र आहे आणि बोईसरला कारखान्यांची वसाहत, त्यामुळे ‘तारापूर’ म्हटलं की लोकांना १९६९, म्हणजे ते केंद्र सुरू झालं ते वर्ष, आठवतं. ते स्वाभाविक आहे. पण पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाल्यावर त्याच्या इतिहासाच्या पुस्तिकांत तरी २४ जानेवारी १७३९ ला अर्धं पान मिळायला हरकत नव्हती.

मोहिमेच्या पत्रांत सरदारांची नावं येतात. वाळूत ओणवं होऊन खणणाऱ्यांची येत नाहीत. रात्री खाडीचा उतार दाखवणारे, मचव्यातून दारूची पिंपं आणणारे, वाड्यांतून तोडलेली माडाची खोडं मोर्च्यांपर्यंत ओढणारे हे लोक बहुधा याच किनाऱ्याचे असणार. य. न. केळकरांनी ‘वसईची मोहीम’ लिहिताना पेशवे दफ्तरातला कागद अन् कागद चाळला, पण कागदात जे उतरलंच नाही ते त्यांना तरी कुठून मिळणार.

मोहीम खरं तर पुरी झालीच नाही. तारापूर, डहाणू घेतल्यावर किनाऱ्याने तसंच वर जायचं आणि दमणला हात घालायचा, ही पुढची पायरी उघड होती. पण पाऊस आला, नादिरशहाचं सावट होतं, फौज थकली होती, तिजोरी कर्जात बुडाली होती. बाजीराव एप्रिल १७४० मध्ये गेले, चिमाजी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. दमण राहिलं ते राहिलंच. उलट पुढे एका पोर्तुगीज जहाजाच्या नुकसानीची भरपाई म्हणून पेशव्यांनी १७८३ मध्ये नगर हवेली आपल्या हाताने पोर्तुगीजांना दिली, आणि तलासरीच्या पलीकडचा तो मुलूख फिरंगी झाला. तो सोडवायला १९५४ च्या ऑगस्टमध्ये मराठी तरुणांची एक तुकडी पावसात चिखल तुडवत सिल्वासात शिरली. तिच्यात गायक सुधीर फडके होते. दमणला भारतीय सैन्य गेलं ते डिसेंबर १९६१ मध्ये, तारापूर पडल्यानंतर २२२ वर्षांनी.